फ्लायट्रॅप काळा पडतोय, घटपर्णीला घट येत नाहीत? आधी पाणी मोजा

नर्सरीतून आणलेला व्हीनस फ्लायट्रॅप पहिल्याच महिन्यात दोन-चार सापळे (किडे पकडणारी, मिटणारी पानं) काळे करतो, घटपर्णीचे घट (किडे पकडणारे पेल्यासारखे भाग) झाकणापासून खाली वाळत येतात, आणि घरात सगळ्यांचं निदान एकच असतं: झाड उपाशी आहे. मग माश्या मारून भरवणं सुरू होतं. कुणी चिकनचा तुकडा ठेवतं, कुणी कुंडीत मूठभर शेणखत घालतं. एवढं झाल्यावर झाड खरोखरच मरतं.

कीटकभक्षी झाड भुकेने सहसा मरत नाही. इतर झाडांसारखंच ते उन्हावर आपलं अन्न स्वतः तयार करतं. किड्यांतून त्याला मिळतो तो नत्र आणि स्फुरद, म्हणजे आपण ज्याला खत म्हणतो तेच. पावसाळ्यात कास पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर दवबिंदू (पानांवर चिकट थेंब असलेलं ड्रॉसेरा) आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी रोपं उगवतात ती जागा डोळ्यांसमोर आणा: जांभ्यावर जेमतेम बोटभर माती, तिच्यातून सतत झिरपणारं पावसाचं पाणी आणि वर उघडं आकाश. त्या मातीत क्षार टिकतच नाहीत, त्यामुळे या झाडांच्या मुळांना क्षारांची सवय नसते. फ्लायट्रॅपचं मूळ घर अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीजवळच्या दलदलीत आहे. हवामान वेगळं असलं तरी मातीची गोष्ट तीच. म्हणून तपासणीचा क्रम पाणी, माती, ऊन, ऋतू, कीड असा ठेवा. भरवण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

खरंच आजारी आहे का?

जुनी पानं पाहून काही ठरवू नका. फ्लायट्रॅपचं एक पान दोन-तीन महिने जगतं, मग सापळा काळा पडतो आणि देठ मागाहून वाळतो. झाड कुरियरने आलं असेल तर पहिल्या दोन ते चार आठवड्यांत निम्मी पानं गेली तरी घाबरायचं कारण नाही. पाहायचा तो मध्य. गाभ्यातून नवं, टणक, हिरवं पान वर येत असेल तर झाड ठीक आहे. दर रविवारी एकाच कोनातून मोबाइलवर फोटो काढा. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतो.

काळजी करावी अशी लक्षणं मोजकी आहेत. तीन आठवड्यांत एकही नवं पान न येणं. नवं पान आधीच्यापेक्षा लहान किंवा वेडंवाकडं येणं. गाभाच काळा होणं. किंवा झाड बोटाने हलकं हलवल्यावर मुळाशी डुगडुगणं. शेवटची दोन दिसली तर थेट खालच्या ‘कुंडी उपसायची वेळ’ या भागाकडे जा.

पाणी

टीडीएस मीटर घ्या. दोन-तीनशे रुपयांचं हे पेनाएवढं यंत्र पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, दाखवतं. या छंदात त्याच्याइतकी उपयोगी दुसरी खरेदी नाही. आकडा ५० च्या खाली असेल तर उत्तम. ५० ते १०० मध्ये झाड निभावून नेतं, पण अधूनमधून कुंडी धुवावी लागते. १५० च्या वरचं पाणी घालूच नका. बोअरवेलचं पाणी कित्येकदा ५०० च्या पुढे असतं. नळाचं पाणी गावागावाला वेगळं, शिवाय उन्हाळ्यात टँकर आला की आकडा उडी मारतो. त्यामुळे ‘आमच्याकडे धरणाचं पाणी आहे’ एवढ्यावर विसंबू नका, मोजा.

आरओ फिल्टरबाबत दोन घोळ नेहमी होतात. पहिला घोळ फिल्टरच्या बाहेर पडणाऱ्या वाया पाण्याचा. पाणी वाचवायचं म्हणून ते बादलीत धरून झाडांना घालण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. तुळशीला ते एखादवेळ चालेल, पण या झाडांसाठी ते विष आहे, कारण गाळलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. दुसरा घोळ प्यायच्या पाण्याचा. बऱ्याच फिल्टरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, त्यामुळे ‘शुद्ध’ पाण्याचाही आकडा शंभरी गाठतो. बाटलीबंद पाण्यातही बहुधा क्षार घातलेले असतात. पाणी उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट वाफ गेल्यामुळे थोडे दाटच होतात. तुरटी फिरवलेलं पाणीही नको.

मग घालायचं काय? आपल्याकडे चार महिने आभाळातून फुकट मिळतं तेच. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, छपरावरची धूळ वाहून जाऊ दे. मग स्वच्छ कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा. झाकण सैल राहिलं तर डास होतील, आणि डेंग्यूच्या दिवसांत ते परवडणारं नाही. १० सेंटिमीटरच्या एका कुंडीला कडक उन्हाळ्यात आठवड्याला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. म्हणजे २० लिटरचे दोन कॅन एका कुंडीला ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत पुरतात. हे पाणी संपलं तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं. मात्र लेबल वाचा, आम्ल मिसळलेलं नको. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आकडाही बहुधा कमी असतो. तेही वापरता येतं, पण एसीची केमिकलने सफाई झाल्यावर दोन-तीन आठवडे ते टाळा.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूची कुंडी पसरट ताटलीत ठेवून ताटलीत एक ते दीड सेंटिमीटर पाणी ठेवा. ते संपत आलं की पुन्हा भरा. अर्धी कुंडी बुडेल एवढं पाणी बारा महिने ठेवलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि कंद सडतो. घटपर्णीला मात्र ताटलीत उभं करू नका. तिला वरून पाणी घालून निथळू द्यायचं.

कुंडीच्या कडेला किंवा मॉसवर (कुंडीतल्या शेवाळावर) पांढरी पापडी धरली असेल, पानांची टोकं करपली असतील, तर क्षार साचलेत असं समजा. ताटली काढा आणि दोन लिटर शुद्ध (म्हणजे मीटरवर कमी आकड्याचं) पाणी वरून हळूहळू, अर्ध्या तासात, ओता. खालून निथळणाऱ्या पाण्याचा आकडा मोजत राहा. तो १०० च्या खाली आला की थांबा. दोन-तीनदा धुऊनही आकडा उतरत नसेल तर दोष मातीतच आहे.

माती

इथे नावांची फसगत होते. ‘पीट’ मागितलं की बऱ्याच दुकानांत कोकोपीटची वीट हातात पडते. पीट मॉस वेगळं, कोकोपीट वेगळं. पीट मॉस म्हणजे दलदलीत शतकानुशतकं दबलेलं शेवाळ. ते गडद तपकिरी, भुसभुशीत आणि आम्लधर्मी असतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो लालसर असतो, त्यात काथ्याचे धागे दिसतात आणि किनारपट्टीवर तयार होत असल्याने त्यात मीठ असू शकतं. कोकोपीटच वापरायचं असेल तर वीट भिजवून, पिळून, पाणी बदलत राहा. पिळलेल्या पाण्याचा आकडा ५० च्या आसपास येईपर्यंत हे करावं लागतं, आणि त्याला चार-पाच दिवस सहज जातात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पीट मॉसची लहान पिशवी घेतलेली बरी.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूसाठी पीट मॉस आणि परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) निम्मं-निम्मं घ्या. पाकिटावर खत मिसळल्याचा उल्लेख असेल तर ते परत ठेवा. परलाइट आधी ओलं करा, त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना चांगली नाही. कोरडं पीट मॉस पाणी झिडकारतं, म्हणून कोमट शुद्ध पाण्यात कणकेसारखं मळून घ्या आणि रात्रभर ठेवा. बांधकामाची वाळू, समुद्राची वाळू, बागेतली माती, गांडूळखत, नीमपेंड यांतलं काहीही घालू नका. कुंडी प्लास्टिकची आणि किमान १० ते १२ सेंटिमीटर खोल हवी. मातीची कुंडी दिसायला छान असते, पण तिच्या भिंतीत पाणी मुरतं, उडतं आणि क्षार मागे राहतात.

ऊन

पाणी-माती ठीक असूनही फ्लायट्रॅपची पानं लांबुडकी, लुळी आणि फिकट येत असतील, सापळे लहान राहून संथ मिटत असतील, तर ऊन कमी पडतंय. त्याला रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन लागतं. टीपॉयवर किंवा कॉम्प्युटरशेजारी तो जगत नाही, जाहिरातीतल्या फोटोत कितीही शोभला तरी.

दक्षिणेची गॅलरी असली की निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा त्या गॅलरीत ऊन आत येतं. मे-जूनमध्ये तो थेट डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे तीच गॅलरी सावलीत जाते. फेब्रुवारीत खूश असलेलं झाड मेमध्ये लुळं पडतं ते यामुळे. पूर्वेच्या खिडकीत वर्षभर सकाळचे तीन-चार तास मिळतात, तेवढ्यावर दवबिंदू मजेत राहतो.

सावलीतलं झाड एकदम गच्चीवर नेऊ नका, दोन दिवसांत पानांवर भुरे चट्टे पडतील. पहिल्या दिवशी एक तास, मग दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवत नेलं की दोन-तीन आठवड्यांत ते उन्हाला सरावतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या ४० अंशांच्या पुढच्या उन्हात अकरा ते चार ५० टक्क्यांची शेडनेट लावा. काळी कुंडी एका पांढऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तर मुळं शिजत नाहीत. ऊन अजिबातच नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचे १२-१५ वॉटचे दोन एलईडी दिवे १५ ते २० सेंटिमीटरवर टांगून रोज १४ तास चालू ठेवा.

बंद काचेच्या बरणीचा मोह टाळा. फ्लायट्रॅपला ४०-५० टक्के आर्द्रता पुरते. बरणीवर ऊन पडलं तर आत भट्टी होते, नाही पडलं तर बुरशी.

नोव्हेंबरमध्ये ‘मेलेला’ फ्लायट्रॅप

फ्लायट्रॅपला थंडीत तीन-चार महिने झोप लागते. दिवस लहान होऊ लागले की मोठे सापळे काळे पडतात आणि गाभ्यात बुटकी, जमिनीलगतची पानं येतात. याला आजार समजून लोक खत घालतात किंवा झाड फेकून देतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बराच खाली येतो. तिथे झाड गॅलरीतच राहू द्या, ताटलीतलं पाणी कमी करा आणि माती फक्त ओलसर ठेवा.

मुंबई आणि कोकणात एवढी थंडी पडत नाही. विश्रांतीविना फ्लायट्रॅप एखादं वर्ष काढतो, मग दर वर्षी खंगत जातो. यावर उपाय फ्रिजचा. नोव्हेंबरच्या अखेरीस झाड कुंडीतून काढा, मुळं शुद्ध पाण्यात धुवा आणि काळी पानं कापून टाका. ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (लांब धाग्यांचं वाळवलेलं शेवाळ) मुळांभोवती गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला. भाजीच्या कप्प्यात ३ ते ७ अंशांत दहा-बारा आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. दर दोन आठवड्यांनी उघडून बघा, बुरशी दिसली तर तेवढं पान काढा. पिशवीवर ‘भाजी नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, पालकासोबत निवडलं जायला नको. फेब्रुवारीत ताज्या मातीत लावा, सावलीपासून सुरुवात करून उन्हात न्या. घटपर्णी आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक दवबिंदूंना या झोपेची गरज नसते.

घटपर्णीचं दुखणं वेगळं

घटपर्णीची तक्रार एकच: पानं येतात, घट येत नाहीत. घट हा पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या तंतूचा फुगलेला भाग असतो. एका पानाला एकदाच घट येतो. तो वाळला की त्या पानाला पुन्हा येत नाही, म्हणून जुन्या पानांकडे आशेने बघत बसू नका. नव्या पानाच्या तंतूच्या टोकाला मोहरीएवढी गाठ दिसते. ती फुगत गेली तर ठीक. काळी पडून सुकली तर हवा कोरडी आहे किंवा प्रकाश कमी आहे.

जागा बदलल्यावर दोन-तीन महिने घट न येणं साहजिक आहे. त्या काळात पुन्हा जागा बदलली की मोजणी शून्यापासून सुरू. पातळ पडद्याआडचं किंवा सकाळचं कोवळं ऊन तिला मानवतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी. पावसाळ्यात ती आपोआप मिळते, पण एप्रिलमध्ये देशावरची हवा कोरडीठाक होते. दिवसातून चारदा पाणी फवारल्याने पाच मिनिटांपुरता फरक पडतो. त्यापेक्षा चार-सहा झाडं जवळजवळ ठेवा, खाली खडी आणि पाणी भरलेलं ताट असू द्या, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट नको.

मिश्रण मोकळं हवं: स्फॅग्नम मॉस, परलाइट आणि सालीचे किंवा धुतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे, समान भाग. वरचा थर जेमतेम ओलसर राहिला की पाणी द्या. प्रवासात घट रिकामे झाले असतील तर त्यांत पाव घट शुद्ध पाणी घाला, काठोकाठ नको. वेल लांबत जाऊन घट बंद झाले असतील तर खालची चार-पाच पानं ठेवून वर कापा, बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि त्यांना घट धरतात.

विकत घेताना उंच डोंगरावरच्या जाती टाळा. त्यांना १२ ते १५ अंशांच्या रात्री लागतात, मुंबईत त्या मिळणार नाहीत. नवशिक्यासाठी व्हेंट्राटा हा संकर सर्वांत सोशिक. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी घटपर्णीची एकमेव जात, खासियाना, मेघालयातली आहे आणि संकटग्रस्त आहे. ती नर्सरीत वाढवलेलीच घ्या, रानातून उपटलेली नको. कासच्या किंवा सड्यावरच्या रोपांनाही हात लावू नका. घरी आणल्यावर ती जगतही नाहीत.

दवबिंदूचे थेंब गेले

पानांवरचा चिकट थेंब प्रवासात पुसला जातो आणि एक-दोन आठवड्यांत परततो. महिना झाला तरी पानं कोरडी असतील तर प्रकाश वाढवा. पानांवर पाणी फवारू नका, त्याने चिकटा धुऊन जातो. केपेन्सिस ही जात सर्वांत काटक, वरचा भाग वाळला तरी मुळांतून पुन्हा फुटते. आपल्या सड्यांवर दिसणारे इंडिका आणि बर्मानाय मात्र बहुधा एका हंगामाचे सोबती असतात. फुलून, बी धरून ते वाळले तर तुमचं काही चुकलेलं नाही. बी कागदावर झटकून घ्या आणि ओल्या पीटवर भुरभुरा, वरून माती टाकू नका.

भरवायचंच असेल तर

उघड्या गॅलरीतलं झाड आपलं आपण पकडतं. बंद खोलीत असेल तर महिन्यातून एक-दोनदा, एका वेळी एकाच सापळ्याला, सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किडा द्या. किडा मोठा असला तर सापळ्याची कड नीट बंद होत नाही, आत सडतं आणि सापळा काळा पडतो. सापळ्यातल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तर तो मिटतो, पण पाचक रस सुटायला आतली वळवळ चालू राहावी लागते. मेलेला किडा दिला तर मिटलेला सापळा बोटांनी अर्धा मिनिट अलगद चोळा. मांस, चीज, भात काहीही देऊ नका. मुलांना पेन्सिलीने सापळे मिटवायची गंमत वाटते, पण प्रत्येक मिटण्याला झाडाची ताकद लागते आणि थोड्याच वेळा मिटून-उघडून झालं की सापळा निकामी होतो. अशक्त फ्लायट्रॅपला फुलाचा दांडा आला तर तो पाच सेंटिमीटरचा असतानाच कापा.

कीड

किडे खाणाऱ्या झाडालाही कीड लागते. फ्लायट्रॅपची नवी पानं मुरडलेली येत असतील तर गाभ्यात भिंगाने मावा शोधा. सापडला तर सबंध कुंडी शुद्ध पाण्यात २४ तास बुडवून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा तेच करा. घटपर्णीच्या पानांच्या बेचक्यात आणि घटाच्या झाकणाखाली पिठ्या ढेकूण बसतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपा, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. साबणाचं पाणी आणि नीमतेल दवबिंदूवर नको, थेंब आणि पान दोन्ही जातात. राखाडी केसाळ बुरशी आली तर मेलेली पानं काढा आणि हवा खेळती ठेवा.

कुंडी उपसायची वेळ

गाभा काळा पडला असेल, झाड डुगडुगत असेल, तर वाट पाहू नका. फ्लायट्रॅप कुंडीतून अलगद काढा आणि शुद्ध पाण्याच्या भांड्यात माती सुटू द्या. खाली कांद्यासारखा पांढरा कंद दिसेल. त्याची मुळं एरवीही काळी असतात, त्यावरून निदान करू नका. कंद दाबून बघा. पांढरा आणि टणक भाग जिवंत, तपकिरी आणि गिळगिळीत भाग सडलेला. अल्कोहोलने पुसलेल्या ब्लेडने पांढरा भाग लागेपर्यंत कापा. उरलेला तुकडा वाटाण्याएवढा असला तरी पुरे. तो ताज्या, ओलसर स्फॅग्नममध्ये टोक वर दिसेल असा ठेवा, उजेडात पण थेट उन्हात नाही. ताटलीत पाणी उभं ठेवू नका, मॉस फक्त ओलं राहू दे.

कापताना एखादं हिरवं पान कंदाच्या पांढऱ्या बुडासकट निघालं तर तेही शेजारी आडवं ठेवून द्या. सहा ते दहा आठवड्यांत बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसू शकतात. मूळ कंद वाचला नाही तरी त्यांतून नवं झाड होतं, मोठं व्हायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात.